कौलावरचे दात

भोरला एसटीतून उतरून मी पहिल्यांदा बाईंचा दवाखाना विचारला तेव्हा भाजीवाल्यानं रस्ता सांगायच्या आधी माझ्या मागंपुढं पाहिलं आणि म्हणाला, "लेकरू कुटंय?" मी म्हटलं, लेकरू नाही, मी स्वतः दातांची डॉक्टर आहे, तिथं कामाला चाललेय. त्यानं हातातली वांगी तराजूत टाकायची थांबवून मला नीट न्याहाळलं. "मंग जपून ऱ्हावा," तो म्हणाला. "मोट्या मान्सांचं तितं काय खरं न्हाई."

मला वाटलं, गंमत करतोय. पुढं मी त्या बाईंच्या हाताखाली बरीच वर्षं काढली, आणि आज कुणी मला त्यांच्याबद्दल एका वाक्यात सांगायला सांगितलं तर त्या भाजीवाल्याहून बरं वाक्य माझ्यापाशी नाही. बाई शहाण्या की चक्रम, प्रेमळ की नुसत्या हट्टी, खरं बोलणाऱ्या की धादांत थापाड्या, यातलं काहीच मला छातीठोकपणे सांगता येत नाही. एक बाजू पक्की केली की दुसरी आठवते, आणि मी पुन्हा होते तिथंच येते.

दवाखाना सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर होता. लाकडी जिना, वर दोन खोल्या, एक खुर्ची. बाई तेव्हा साठीला टेकल्या होत्या. बुटक्या, काटक, सुती साडीवर पांढरा कोट आणि तोंडावर कायम मास्क. मास्कच्या आत एका बाजूचा गाल फुगलेला असायचा. मला आधी वाटलं, गालाला सूज आहे. आठवड्याभरानं कळलं की ती लिमलेटची गोळी असते. दिवसभर. एक संपली की कोटाच्या खिशातून दुसरी. लहान मुलांचे किडलेले दात भरणारी बाई स्वतः गोळी चघळत दात भरते, हे पाहून मी अक्षरशः तोंडात बोट घातलं. एकदा एका चुणचुणीत पोरीनं त्यांना रंगेहाथ पकडलं. "आमाला गोळी खाऊ नका म्हन्ता, मंग तुमी का खाता?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मी मोठी माणूस आहे. मला अक्कल नाही. तुम्हाला आहे ना?" पोरगी विचारात पडली. मीही पडले.

या 'तुम्हाला'चं सांगायला हवं. बाई मुलांना अहोजाहो करायच्या आणि मोठ्यांना अरेतुरे. चार वर्षांचं शेंबडं पोर जिना चढून वर आलं की बाई उठून उभ्या राहायच्या. "या, बसा. प्रवास कसा झाला? सकाळी काय खाऊन आलात?" पोर मागं वळून बघायचं, आपल्या मागं कोण पाहुणे आलेत ते. आणि त्याच्या मागं धोतर सावरत आलेला सत्तरीचा म्हातारा "रामराम, डाक्टरीणबाई" म्हणाला की बाई म्हणणार, "जयभीम. तू तिथं बाकावर बस आणि मधे बोलू नकोस." निम्मी माणसं चिडायची. उरलेली निम्मी हसून बाकावर बसायची. परत मात्र दोन्ही प्रकारची यायची, कारण भोरपासून वेल्ह्यापर्यंत मुलांच्या दातांना इतका हलका हात दुसरा नव्हता.

दुसरी खोड म्हणजे, पोराला घेऊन जे कुणी आलं असेल त्याचं तोंड बाई आधी बघायच्या.

"माजं न्हाई, पोराचं दुकतंय," आई सांगायची.

"ठाऊक आहे. आ कर."

मिश्रीनं काळे झालेले दात, हललेल्या हिरड्या, रिकाम्या जागा, सगळं टॉर्च मारून बघायच्या. मग म्हणायच्या, "पोर काही आभाळातून जेवत नाही. तुझ्याच ताटात जेवतं. तू रात्री चूळ भरतेस का?" आई लाजून पदर तोंडाला लावायची. "मग ते कुणाचं बघून भरणार?" एवढं झालं की बाईंचा त्या माऊलीतला रस संपायचा आणि त्या पोराकडं वळायच्या.

आणि मग यायची ती तिसरी गोष्ट, जिच्यावरून आमचं कायम वाजायचं.

बाई पोराच्या हातात छोटा आरसा द्यायच्या. त्याच्याच दातातला खड्डा त्याला दाखवायच्या. आत अन्न कसं अडकतं, कीड खाली कशी उतरते, आपण ती चमच्यासारख्या बारक्या हत्यारानं कशी खरवडून काढणार आणि वरून सिमेंट कसं भरणार, सगळं सांगायच्या. ते सिमेंट पोराच्या नखावर थोडं लावूनही दाखवायच्या. दात कोरायच्या यंत्राला पोरं गिरणी म्हणायची. ते बाई शक्यतो चालूच करायच्या नाहीत. हे सगळं झालं की हात मांडीवर ठेवून विचारायच्या, "भरू का?"

पोर हो म्हणालं तर भरायच्या. नाही म्हणालं तर नाही. "बरं. पुढच्या बाजाराला या." संपलं.

आता विचार करा. डोंगरातल्या गावातून दिवसाला मोजक्या एसट्या. एकीनं येऊन दुसरीनं परत जायचं. बाप रोजगार बुडवून आलेला, आई घरचं सगळं टाकून आलेली. आणि सहा वर्षांचं पोर खुर्चीत बसून "न्हाई" म्हणतं, नि डॉक्टर हातमोजे काढून ठेवते! एकदा एक बाप चवताळून म्हणाला, "बाई, त्याला काय कळतंय? मी सांगतो न्हवं, भरा!" बाई म्हणाल्या, "तुझं तोंड असतं तर तुझं ऐकलं असतं."

मी त्यांच्यापुढं दाताच्या कण्या केल्या. म्हटलं, बाई, मूल नाहीच म्हणणार. अंघोळीलाही नाही म्हणतं. आपण डॉक्टर आहोत, थोडं गोंजारून, थोडं धरून, पाच मिनिटांत काम होतं. बाई म्हणायच्या, "होतं. आणि मग ते मूल चाळीस वर्षांचं होईपर्यंत दातांच्या डॉक्टरच्या जिन्याला पाय लावत नाही." "आणि तोवर दात गेला म्हणजे?" "तेही खरंच आहे," म्हणायच्या आणि गोळी या गालातून त्या गालात सरकवायच्या. म्हणजे माझं पटलं की नाही, हे कळायला मार्गच नाही.

बरं, त्यांचा नियम दर वेळी फळाला यायचा असंही नव्हे. विंझरचा एक मुलगा होता. दोनदा आला, दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा आला तो गाल टम्म सुजवून, तापानं फणफणलेला. भरायला काही उरलंच नव्हतं. औषधं देऊन, सूज उतरवून, शेवटी दाढ काढावी लागली. ती दुधाची होती हे खरं, पण दुधाची दाढ अवेळी गेली की शेजारचे दात त्या जागेत कलंडतात आणि खालून येणाऱ्याला वाट राहत नाही. काढतानासुद्धा बाईंनी त्याला विचारलं, "काढू का?" त्यानं रडत रडत मान हलवली. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. संध्याकाळी मला म्हणाल्या, "याच्या बाबतीत मी चुकले." मला वाटलं, चला, एकदाचं पटलं. म्हटलं, "मग आता नियम बदलूया." त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मी भलत्याच भाषेत बोलले. "नियम कशाला बदलायचा? चुकले मी." मी हात टेकले.

डब्यावरून आठवलं. बाई कधी कुणासमोर जेवायच्या नाहीत. आतल्या खोलीचं दार लोटून, भिंतीकडं तोंड करून जेवायच्या. भाकरी आमटीत कुस्करलेली असायची, एवढं डबा धुताना दिसायचं. भाजलेलं कणीस, शेंगदाण्याची चिक्की, हरभऱ्याचा डहाळा, कुणी प्रेमानं काही आणून दिलं की सगळं माझ्याकडं सरकवायच्या. मी त्याला सोवळंओवळं म्हणावं की संकोच म्हणावं, या घोळात होते.

शनिवारी आम्ही वेल्ह्याकडच्या शाळांत जायचो. बाई एसटीत खिडकीशी बसून गोळी चघळायच्या आणि मी पिशवीतलं सामान सांभाळायचे. शाळेत त्या मुलांच्या दातांना किडीपासून वाचवणारा पिवळसर लेप लावायच्या, सकाळ-रात्र दात कसे घासायचे ते दाखवायच्या आणि खाऊवर भाषण द्यायच्या. पण हे भाषणही उलटंच. खाऊ खाऊ नका असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, "तुमचे आजोबा लहानपणी खाऊ कधी खायचे?" मुलं ओरडायची, "बाजाराच्या दिशी!" "बरोबर. बाजारातून पुडी यायची, पोटभर खायची, चूळ भरायची, की पुढच्या बाजारापर्यंत नाव नाही. दात आठवडाभर सुखात. आता शाळेच्या दारात पुड्यांच्या माळा लटकतात, म्हणजे तुमच्या तोंडात रोज बाजार, तासातासाला बाजार. दातांनी झोपायचं कधी?" गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं यानं दात जास्त बिघडतात, हे मी पुस्तकातून शिकले होते, पण आठवडी बाजारात घालून ते कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. विंझरचा दुकानदार एकदा कळवळून म्हणाला, "बाई, पोरं आता बाजाराच्या दिशीच पुड्या मागाय लागली. बाकीचे दिस मी माळा बगत बसू व्हय?" बाईंनी त्याला आधी तोंड उघडायला लावलं.

अशाच एका शनिवारी आम्ही राजगडाच्या पायथ्याला पालीत गेलो. शाळा सुटल्यावर बाई स्टॉपकडं न वळता गावात शिरल्या आणि एका घरासमोर जाऊन उभ्या राहिल्या. साधं घर, वर नवा निळा पत्रा. गडावर चाललेली पाठीवर बोजे घेतलेली पोरंपोरी आमच्या अंगावरून पुढं गेली, तरी बाई त्या पत्र्याकडं टक लावून. मी म्हटलं, "ओळखीचं घर आहे का? जाऊया आत?" म्हणाल्या, "आत काय करायचंय? पूर्वी इथं कौलं होती." "मग?" "मग काही नाही. काढून टाकलेली दिसतात." आणि वळल्या. एसटीत मी दोनतीनदा विचारून पाहिलं, तर डोळे मिटून घेतले. झोपल्या नव्हत्या, कारण गोळी हलत होती.

त्यानंतर काही दिवसांनी हिर्डोशीकडून ईश्वरी आली.

सात वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आज्याचं बोट धरून. मुलगी गप्प गप्प आणि आजा बोलका. बाईंनी आज्याचं तोंड तपासलं, त्याला बाकावर बसवलं, आणि ईश्वरीच्या तोंडात बघता बघता त्यांचा गोळीचा गाल थांबला. मलाही बोलावून दाखवलं. खालची मागची दाढ, वरून बारीकसा काळा ठिपका आणि आत चांगलाच खोल खड्डा.

आजा म्हणाला, "काडून टाका की बाई. दुदाचीच हाय. पडंल आन् नवी यील."

ही चूक मी अक्षरशः रोज पाहते. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागं एक पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आली हे घरात कुणाला कळत नाही. बाई तिला पाहुणी म्हणायच्या: मागच्या दारानं, न सांगता येते आणि मरेपर्यंत राहते. लोक तिला दुधाची समजतात आणि कीड लागली तर लागू देतात. ती गेली की गेली.

बाईंनी हे आज्याला सांगितलं, ईश्वरीलाही सांगितलं. आरसा दिला, नखावर सिमेंट लावलं. मग विचारलं, "भरू का?"

"न्हाई."

"बरं. पुढच्या बाजाराला या."

पुढच्या बाजाराला आली, पुन्हा न्हाई. या वेळी मला राहवेना म्हणून मी मधे पडले. "बाई, आता थांबलो तर कीड दाताच्या नसेपर्यंत जाईल. ही पक्की दाढ आहे, विंझरच्या मुलासारखं नव्हे." बाईंचा चेहरा उतरला होता, ते मास्कमधूनही कळत होतं. पण त्यांनी हातमोजे काढले.

मला इतका संताप आला की मी त्या दोघांना एसटीपर्यंत सोडायला गेले. बाई मुलांना नकाराचं कारण कधी विचारायच्या नाहीत. नाही म्हणणाऱ्याला कारण द्यायला लावलं की ते नाही उरत नाही, असं काहीतरी त्यांचं म्हणणं. पण मी काही बाई नव्हते. एसटी यायची होती. मी ईश्वरीला सरळ विचारलं, "का गं नाही म्हणतेस? भीती वाटते?"

तिनं आज्याकडं पाहिलं, मग चपलेकडं, मग हळूच म्हणाली, "शिमिट भरल्याला दात उंदीर घेत न्हाई."

आजा हसायला लागला आणि त्यानं मला समजावून सांगितलं. दात पडला की शेणाच्या गोळीत घालून कौलावर टाकायचा. उंदीर तो नेतो आणि बदल्यात आपला नवा दात देतो. ईश्वरीचे पुढचे चार दात तसेच टाकले होते आणि चारही नवे आले होते. आता ही दाढ. तिच्यात सिमेंट भरलं तर ती उंदराला चालणार नाही, आणि मग नवी मिळायची कशी?

मी हसत हसत परत आले आणि बाईंना सांगितलं. बाई हसल्या नाहीत. खुर्चीच्या हाताला टेकून उभ्या राहिल्या.

"आता कारण कळलं आहे तर समजावूया तिला," मी म्हणाले. "उंदीरबिंदीर काही नसतो म्हणून सांगूया."

"कसं सांगणार?" बाई म्हणाल्या. "तिच्याकडं चार दातांचा पुरावा आहे. आपल्याकडं काय आहे?"

 दवाखान्यात पुस्तकं होती, चित्रं होती, प्लास्टरचा जबडा होता. पण पुरावा म्हणून सात वर्षांच्या मुलीपुढं ठेवावं असं खरंच काही नव्हतं. बाई त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर घरी गेल्या.

पुढच्या बाजाराला ती दोघं येतील की नाही, याची मला शंका होती. आली. आजा थकल्यासारखा बाकावर बसला. "रातभर दुकती म्हन्ती," तो म्हणाला. "आता हूं द्या काय ते." ईश्वरी खुर्चीत चढली, आणि तिचे ओठ गच्च मिटलेले. बाईंनी या खेपेला आरसा तिच्या हातात दिला नाही. स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या, मास्क खाली केला, तोंडातली गोळी काढून कागदात गुंडाळली. मग दोन बोटं वर घातली, जरा खाली ओढलं, आणि वरचे सगळे दात काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवले. मग खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा. त्यांच्या तोंडात खालचे पुढचे मोजके दात तेवढे उरले. गाल आत गेले. समोर एक अनोळखी म्हातारी बसली होती.

मी दातांची डॉक्टर. ज्या बाईंशेजारी मी रोज उभी राहायचे त्यांना कवळी आहे, हे मला कधी कळलं नव्हतं! कळायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. मास्क होता, लोटलेलं दार होतं, कुस्करलेली भाकरी होती. आणि पुढं कळलं की कवळी त्यांनी स्वतः बनवली होती, त्यातला एक सुळा मुद्दाम जरा तिरका आणि पिवळट ठेवून. इतके बेढब दात कुणी विकत घेत नाही, म्हणजे ते खरेच असणार, असं बघणाऱ्याला वाटावं म्हणून.

ईश्वरी त्या ट्रेकडं बघत होती. ओठ आपोआप उघडले होते.

"तुमी बी कवलावर टाकलं व्हतं?" तिनं विचारलं.

"टाकले," बाई बोबड्या आवाजात म्हणाल्या. "पालीला, आमच्या घराच्या कौलावर. दुधाचे टाकले, ते आले परत. मग मागच्या दाढा किडल्या. सगळे म्हणाले, टाक कौलावर, नव्या येतील. त्याही टाकल्या."

"मंग?"

"वाट बघतेय."

 खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं. ईश्वरीनं बराच विचार केला. मग ती आज्याकडं वळली. "आजा, आपला उंदीर त्योच हाय का?"

आजा गडबडला. "आता मला काय ठावं, बाय," तो म्हणाला. "आसंल बी."

ईश्वरीनं पुन्हा ट्रेकडं पाहिलं. "भरा," ती म्हणाली.

बाईंनी दात धुऊन पुन्हा बसवले, मास्क चढवला, हातमोजे घातले, हत्यार उचललं. त्यांचे हात इतके घाईनं चाललेले मी कधी पाहिले नव्हते. पण हत्यार जवळ येताच ईश्वरीनं तोंड मिटलं आणि माझ्याकडं बोट केलं.

"तुमी न्हाई. ह्या ताय भरतील. त्यांना दात हाईत."

 ज्या हातावर विश्वास ठेवून लोक घाट उतरून यायचे, तो हात तसाच हवेत राहिला. मला वाटलं, आता तरी बाई म्हणतील, असं नसतं हो ईश्वरीताई. आजाही उठला, "आगं, डाक्टरीणबाई हाईत त्या." बाईंनी त्याला हातानंच बसवलं. हत्यार माझ्या हातात दिलं, हातमोजे काढले आणि दिवा धरून माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांना वाईट वाटलं की हसू येत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. डोळे दोन्ही प्रकारचे होते.

"भरू का?" मी ईश्वरीला विचारलं. 

"येकदा सांगितलं न्हवं?" ती म्हणाली आणि आ केला.

मी कीड खरवडली. दाढ थोडक्यात वाचली होती. कीड अजून जरा खाली गेली असती तर काही उरलं नसतं. बाई दिवा धरून होत्या. सिमेंट घोटलं, भरलं, बोटानं दाबून धरलं. ते घट्ट होईपर्यंत ईश्वरीनं माझ्या कोटाची बाही पकडून ठेवली होती. ती दाढ अजून आहे. सिमेंट मधे एकदा निघालं तेव्हा ते मीच पुन्हा भरलं. ईश्वरी आता भोरला कॉलेजात येते आणि जिन्यातूनच ओरडते, "ताई, उंदीर आला का?"

त्या दिवसापासून बाईंनी भरायचं काम हळूहळू माझ्याकडं सोपवलं. दिवा धरायच्या, मुलांशी बोलायच्या, पण हत्यार माझ्या हातात. मी एकदा धीर करून विचारलं, "ईश्वरीचं एवढं मनावर घेतलंत?" म्हणाल्या, "तिचा मुद्दा बरोबर होता." मग विचारलं, "पण दात खरंच असेच गेले?" तर त्या माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "छे. गोळ्या खाऊन गेले." पुढं एकदा आज्यानं विचारलं तेव्हा त्याला सांगितलं की वरंध घाटात एसटीला धक्का बसला आणि दांडी तोंडावर आली. तो बिचारा हळहळला. आणि एकदा एसटीत, मी काही विचारलेलंही नसताना, खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "चार जणांनी धरलं होतं. एकानं डोकं, एकानं पाय. मी नको नको म्हणत होते, पण पडणारेच दात आहेत म्हणाले."  नसरापूर आलं, माणसं चढली, आणि त्या शेजारच्या पोराला विचारू लागल्या, "तुम्ही कुठपर्यंत जाणार?"

यातलं खरं कुठलं? पालीचं घर मी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून कौलांचं खरं धरावं, तर गोळ्यांचंही मी डोळ्यांनीच पाहत होते. कधी वाटतं, चारही खरी असतील, माणसाच्या तोंडात बत्तीस दात असतात. कधी वाटतं, चारही थापा. मी आता हा हिशेब सोडून दिला आहे.

बाई आता दवाखान्यात काम करत नाहीत. भोरमध्येच पुतणीकडं राहतात. मध्यंतरी त्या उरलेल्या खऱ्या दातांपैकी एक हलायला लागला. दुखतो, चावता येत नाही, हिरडी लाल होते. बाजाराच्या दिवशी पुतणी त्यांना रिक्षातून घेऊन आली. जिना चढायला वेळ लागला. मी उठून उभी राहिले. "या, बसा. प्रवास कसा झाला?" पुतणी माझ्याकडं बघायला लागली. मी तिचं तोंड आधी तपासलं.

मग बाईंना खुर्चीत बसवलं. आरसा त्यांच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ त्या हलत्या दाताकडं पाहिलं. काढायलाच हवा होता. त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. भूल देऊन काम दोन मिनिटांचं. चिमटा ट्रेमध्ये तयार होता.

"काढू का?" मी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

पुतणी म्हणाली, "अगं काकू, रात्रभर कण्हतेस आणि नाही काय! डॉक्टर, तुम्ही काढा हो. मी धरते हवं तर." तिनं खरंच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाई आरसा घट्ट धरून माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, हात काढा. मग दुखणं थांबायला औषध लिहून दिलं.

"बरं," मी म्हणाले. "पुढच्या बाजाराला या."

त्या आल्या. पुन्हा नाही म्हणाल्या. त्याच्या पुढच्या बाजारालाही आल्या. आता जवळजवळ दर बाजाराला येतात, जिना चढतात, खुर्चीत बसतात, आरसा घेतात, नाही म्हणतात आणि उतरताना कोटाच्या खिशातली एक गोळी माझ्याकडून मागून घेतात. माझ्या अंगातला कोट त्यांचाच आहे, मी तो बदललेला नाही. त्या दात दाखवायला येतात, की कुणीतरी विचारावं म्हणून येतात, हे मला अजून कळलेलं नाही. मी मात्र दर वेळी विचारते.